टालियाने घेतलेले नऊ दिवस

टेमोरा, गुरुवार

ती. बेरिलताईस,

धाकट्या मर्व्हिनचा नमस्कार. कमरेच्या ऑपरेशननंतर जिना चढायला लागलीस का? होबार्टच्या थंडीत पाय दुखत असतील, मोजे घालत जा. आम्ही इकडे ठीक. (नोलीन म्हणते, ‘ठीक’ हा शब्द तुमचा, माझा नव्हे.)

वर्षभर पत्र नाही, कारण साठीच्या तोंडावर आम्ही परीक्षेला बसलो होतो. टालिया पाच वर्षांची असताना सरकारने ती आमच्याकडे सांभाळायला दिली, आता बारा पूर्ण झाली. तिला कायद्याने आपली करून घ्यावी म्हणून अर्ज केला. मला वाटलं, दोन सह्या आणि एक शिक्का. पण आधी पोलिसांचा दाखला (त्यात, मेंढ्या हमरस्त्यावर सोडल्याबद्दल मला कधीकाळी झालेला दंड निघाला, जो मी नोलीनपासून लपवला होता), मग डॉक्टरांची तपासणी, मग ओळखीच्या लोकांची पत्रं. शेजारच्या क्लॅरीने लिहिलं, मर्व्हिन भला माणूस आहे, माझी शिडी त्याने अकरा वर्षांनी का होईना परत केली.

दत्तकाचं काम बघणाऱ्या इव्हॉनबाई चारदा घरी आल्या. औषधांच्या कपाटाला कुलूप आहे का, पाण्याच्या टाकीला झाकण आहे का, सगळं पाहिलं. मग विचारलं, भांडण झाल्यावर काय करता? मी म्हणालो, आमच्यात भांडणं होत नाहीत. नोलीन म्हणाली, “हे शेडमध्ये जाऊन बसतात.”

“मी कधी बसलो?”

“मंगळवारी.”

पुढची दहा मिनिटं आम्ही त्या मंगळवारावर बोललो आणि बाई लिहीत राहिल्या.

टालियाच्या आईची, कर्स्टीची, संमती लागणारच होती. तिला सगळं नीट समजावून विचाराला महिनाभर दिला, मग तिने सही केली. वर्षातून चारदा मुलगी भेटावी, एवढंच तिने लिहून मागितलं. नोलीनने चाराचे सहा करायला लावले. ताई, तिला भेटून परतताना गाडीत दुसऱ्याच्या घरातून काहीतरी उचलून आणल्यासारखं वाटत होतं.

बारा वर्षं झालेल्या मुलाची स्वतःची संमतीही लागते. त्यासाठी नेमलेल्या सल्लागारबाईंनी टालियाला एकटीला बसवून सगळं सांगितलं. ती कागद घेऊन खोलीत गेली, आणि नऊ दिवस त्याबद्दल चकार शब्द नाही. नोलीनला जेवण जाईना. मी शेडमध्ये बसलो. (हे कबूल.)

दहाव्या दिवशी नाश्त्याला तिने विचारलं, “कोर्टाने हुकूम दिल्यावर मला परत पाठवता येत नाही ना?”

“नाही.”

“मी वाईट वागले तरी?”

“तरी.”

“म्हणूनच थांबले होते. म्हटलं, तुम्हांला विचार करायला वेळ मिळू दे.”

नोलीन टोस्ट बघायला वळली. टोस्टरमध्ये ब्रेडच नव्हता.

तुझा,
मर्व्हिन

ता. क. नातेवाइकांपैकी एकाचं पत्र लागतं. मी तुझं नाव दिलंय. या वयात परक्याचं पोर कशाला, असं तू नाताळात म्हणाली होतीस. तेही लिही, खोटं नको. फक्त त्याखाली हेही लिही, की जाताना तू तिला तुझी शाल देऊन गेलीस.

ता. क. २. काल इव्हॉनबाई टालियाची सही घ्यायला आल्या, आणि तिच्या जागी मीच सही करून बसलो. उद्या नवा कागद येतोय. टालियाने नोलीनला बजावलंय, “माझी सही होईपर्यंत बाबांना कोंबड्यांकडे पाठव.” (कालपर्यंत ती मला मर्व्ह म्हणायची.)