बाहेरची खोली, आतली खोली

३ फेब्रुवारी, सोमवार

पेन ड्राइव्ह धुतला गेला! सूनबाईच्या पँटच्या खिशात होता, मशीनमधून अगदी लख्ख होऊन बाहेर आला. त्यात पाण्याच्या पंपाचं अख्खं माहितीपुस्तक होतं – तिचं भाषांतर, माझ्या दुरुस्त्या, चाळीस पानं. ती म्हणाली, चूक माझी. मी म्हटलं, हो. विषय संपला.

तीन वर्षं हेच चाललंय. ती आतल्या खोलीत यंत्रांच्या पुस्तकांची भाषांतरं करते, मी बाहेरच्या खोलीत ती तपासतो. छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासली, आता पडद्यावर तपासतो, एवढाच फरक. माझ्या दुरुस्त्या तांबड्या. पटली तर ती निळ्या अक्षरांत खाली लिहिते – मान्य. नाही पटली तर – अमान्य. अमान्यवर वाद घालायचा नाही, हा नियम तिचा. आणि तो पेन ड्राइव्ह दिवसातून दहा वेळा आत-बाहेर.

आता म्हणते, दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना जोडूनच टाकू. रोज काय ही ने-आण!

४ फेब्रुवारी, मंगळवार

चिरंजीवांना विचारलं असतं तर पाच मिनिटांत सांगितलं असतं. दोन्ही कॉम्प्युटर त्यांनीच आणले होते. पण ते हे घर सोडून गेले त्याला दोन वर्षं झाली. त्यांनी दुसरा संसार मांडला, घटस्फोटाचे कागद मागच्या वर्षी आले. ती इथेच राहिली, मीही इथेच राहिलो. कोणी कोणाला ठेवून घेतलं, हे कधी ठरवलं नाही. शेजारीण खोदून खोदून विचारते, आता ती तुमची कोण? 'किरकोळ' नावाच्या या फायलीत लिहायला हरकत नाही – मलाही माहीत नाही.

फोन तिने केला नाही. मीही नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वायर आणायला दोन जिने उतरलो, दोन जिने चढलो. ती म्हणत होती मी जाते. मी ऐकलं नाही. वरच्या जिन्यात गुडघा बोलायला लागला, तेव्हा कठडा धरून थांबलो. वर पाहिलं तर ही दारात उभी. खाली येऊन माझ्या हातातली पिशवी तेवढी घेतली.

वायर भिंतीच्या कडेने आत नेली. दोन्हीकडे हिरवे दिवे लागले. बाकी काही झालं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आज तिच्या पडद्यावर माझा कॉम्प्युटर दिसला – चिरंजीवांच्या नावाने! त्यांनी तेव्हा यंत्राला स्वतःचंच नाव देऊन ठेवलेलं, मला पत्ता नाही. ती खुर्चीत बसून त्या नावाकडे बघत राहिली. मग म्हणाली, ''बाबा, हे बदलता येतं का?''

बदललं. तासभर लागला. माझ्या यंत्राचं नाव 'बाहेरची खोली', तिच्याचं 'आतली खोली'. इतकी वर्षं त्या नावावर बसून मी तिच्या चुका काढत होतो. अपराधी वाटलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

आता नाव दिसतं, दार उघडत नाही. पासवर्ड मागतो. दिला तर म्हणतो परवानगी नाही. माझ्याच घरात!

११ फेब्रुवारी, मंगळवार

परवानगी नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

झालं! तिने बजावलं होतं की कामाचं एक फोल्डर वेगळं काढा आणि तेवढंच उघडं ठेवा. तीन दिवस तेच करत बसलो. आज डोकं फिरलं. म्हटलं, जे काही आहे ते सगळं, सगळ्यांना, सगळे अधिकार. बघायचे, लिहायचे, पुसायचे. ओळीने खुणा करत गेलो आणि तिकडून ती ओरडली, उघडलं, उघडलं! सगळे म्हणजे तरी कोण? घरात माणसं दोन.

दुपारी पंपाचं पहिलं प्रकरण आपोआप माझ्याकडे आलं. कोणी उठलं नाही, कोणी आलं नाही. आठ दुरुस्त्या केल्या. थोड्या वेळाने सहा मान्य, दोन अमान्य. सोय चांगली आहे. फक्त पेन ड्राइव्ह द्यायला ती यायची, तेव्हा जाताना चहा घेणार का विचारायची. आज चहा राहिला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तिच्या कामाच्या फोल्डरमध्ये आज एक पत्र सापडलं. चुकून तिथे ठेवलं असणार. वाचायला नको होतं. पण मजकूर समोर आला की मी तपासायला लागतो, पस्तीस वर्षांची खोड.

पत्र दुसऱ्या शहरातल्या घरमालकाला आहे. भाषांतराच्या कचेरीने तिला तिकडे कायमची जागा दिलीय, एक एप्रिलला हजर व्हायचं. घर हवंय दोन माणसांसाठी. तळमजलाच हवा, जिना अजिबात चालणार नाही, असं दोनदा लिहिलंय. नवल आहे. ही तर जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढते.

दुसरं माणूस म्हणजे त्या कचेरीतले खोकलेसाहेब. प्रत्येक वाक्याआधी खोकतात, म्हणून ते नाव आम्हीच ठेवलेलं. हल्ली त्यांचे फोन वाढलेत आणि ती दार लावून बोलते. माणूस सभ्य वाटतो. कदाचित त्यांना दम्याचा त्रास असेल, म्हणून तळमजला.

पत्रात एक अनुस्वार कमी आहे, शेवटच्या ओळीला पूर्णविराम नाही. खूण करता आली नाही. फाईल बंद केली. वाईट वाटलं. लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून नाकारता येणार नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ती काही बोलली नाही. मी विचारलं नाही. पंपाचं पुस्तक संपलं. आता पीठ मळायच्या यंत्राचं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ती बाहेर गेली होती तेव्हा भात लावून बघितला. एका माणसाचा किती लावायचा ते समजेना. उरला. ती आल्यावर विचारते, भात कोणी केला? म्हटलं, मी. का? सहज. तिने तोच खाल्ला, खालून करपलेला होता तरी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

चिरंजीवांचा निरोप – बाबा, आता तरी इकडे या, तुमच्यासाठी खोली तयार आहे. वर्षभर टाळतोय. त्यांच्या नव्या घरात मी काय करणार, तिथे तपासायला काही नाही.

पण विचार केला. मी इथे बसून राहिलो तर ती जायचं टाळेल. मला सांगायचं कसं, म्हणूनच दार लावून बोलते ना! तिचं वय आहे, तिला पुढे आयुष्य आहे. माझ्यापायी तिने अडकू नये. कागदोपत्री मी तिचा कोणीही नाही. तेव्हा ठरलं. उद्या चिरंजीवांना कळवायचं की येतो. तिला सांगायचं की मलाच तिकडे जायची इच्छा झालीय. मग ती मोकळी.

असं करणंच बरोबर आहे. दोनदा वाचून बघितलं, चूक दिसत नाही. मला मात्र जायचं नाहीये.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी ही फाईल उघडेना. पडद्यावर सूचना आली – फाईल सध्या 'आतली खोली' वापरत आहे. म्हटलं, काहीतरी बिघडलं. चहा केला, प्यायलो, परत उघडली.

१५ तारखेच्या नोंदीत 'दोन माणसांसाठी' या शब्दांखाली निळी रेघ आहे. शेजारी निळ्याच अक्षरांत: ''दुसरे तुम्ही. तळमजला तुमच्या गुडघ्यासाठी. घर नक्की झाल्यावर सांगणार होते. पत्रात अनुस्वार घातला, पूर्णविराम दिला.''

आणि कालच्या नोंदीखाली एकच शब्द. अमान्य.

त्यावर वाद घालायचा नाही, असा नियम आहे.