गप्प झालेलं इंजिन

प्रिय हर्षद,

हे पत्र तुला सीटखाली, टूलकिटच्या पिशवीत सापडेल; गाडी देताना ती उघडून बघायला मी सांगेनच. फोन केला नाही, मेसेजही टाकला नाही, कारण हल्ली तुझा फोन हेमांगी बघते आणि ती बघते हे तुलाही ठाऊक आहे. परवा मंगळवारी सूनबाई एकटीच नाहूरला आपल्या घरी आली होती. तुझ्या आईने चहा ठेवला, तो गार होऊन वर साय आली तरी पोरीने कपाला हात लावला नाही. तू बाहेर कुणाकडे तरी जातोस असं तिच्या मनाने घेतलंय. तिचं काय झालं ते पुढे सांगतो. आधी तुझ्या मोटरसायकलचं, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

रविवारी तू गाडी गॅरेजात लावलीस आणि म्हणालास, बाबा, जरा व्हॉल्व्ह बघा आणि उद्याच देऊन टाका. मला तिथेच खटकलं. बोरिवलीहून ऑफिसच्या बसने जाणारा, फक्त रविवारी फिरायला गाडी काढणारा माणूस, त्याला सोमवारी गाडी कशाला हवी? मी मुद्दाम गुरुवार सांगितला. तुझा चेहरा असा उतरला, जसं कुणी पुढ्यातलं ताट ओढून घ्यावं. आणि आणखी एक. तू आत आलास तेव्हा इंजिन फार गप्प होतं. गिऱ्हाइकाला असं गप्प इंजिन आवडतं, मला त्याची धास्ती वाटते. बारीक टिकटिक ऐकू आली की मी निर्धास्त असतो.

तुला इंजिनांचा कधी नाद नव्हता, म्हणून थोडं समजावतो. तुझी गाडी दोन कॅमची. एक कॅम हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा, दुसरा धूर बाहेर सोडणाऱ्यांचा. कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते. तापल्यावर लोखंड वाढतं, त्याला हातपाय पसरायला जागा नको का? ती फट फिलरच्या पात्यांनी मोजायची, आणि तीही इंजिन पार गार असताना. म्हणून मी रात्रभर गाडीला शिवत नाही. फट कमीजास्त करायला व्हॉल्व्हच्या डोक्यावर शर्टाच्या बटणाहून लहान पोलादी चकती असते, तिला शिम म्हणतात. ती बदलायला दोन्ही कॅम उतरवावे लागतात. मी हे परक्या भाषेतल्या पुस्तकातली चित्रं बघून शिकलो. पहिल्या वेळी कॅम बसवताना चेन एक दात चुकली, आणि भांडुपच्या एका मास्तरांची गाडी चार दिवस माझ्या दारात पडून राहिली. मास्तर रोज पायी यायचे, काही न बोलता बघून जायचे. चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तरी बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी टाकी काढली, वरचं झाकण काढलं. गेल्या गणपतीत धुराच्या दोन्ही व्हॉल्व्हची फट मी तेवीसवर, म्हणजे मिलिमीटरच्या तेवीस शतांशांवर, लावली होती. आकडे मी चिकटपट्टीवर लिहून बाजूच्या पॅनलच्या आत लावतो, ते तुला आजवर दिसलेलं नसणार. तेवीसचं पातं जाईना. अठराचं जाईना. बाराचं घासत घासत गेलं. आता बघ, उभी गाडी फट खात नाही. इंजिन धावतं तेव्हा व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत थोडाथोडा रुतत जातो, आणि फट मिटत जाते. एवढी मिटायला माझ्या हिशेबाने पंधरा हजार किलोमीटर तरी हवेत. तुझं मीटर आठ महिन्यांत अकराशेच दाखवत होतं.

मग मी गाडीकडे पोलिसासारखा बघायला लागलो. पुढच्या चाकावरून मीटरला जाणारी वायर, तिचा प्लग कितीदा तरी काढून घातलेला, वर नवी काळी टेप; म्हणजे मीटर मुद्दाम बंद ठेवलेलं. ब्रेकचे पॅड नवे, माझ्याकडून न घेतलेले. मागच्या सीटच्या कडा पट्ट्याने घासून गुळगुळीत झालेल्या. आणि सीटच्या खालच्या खोबणीत चुरगळलेल्या तीन चिठ्ठ्या. तिन्हींवर अंधेरीची एकच बिल्डिंग, फ्लॅटचे नंबर वेगळे, नावं तीन. जान्हवी, रुचिरा, तेजल. खरं सांगू? एक असती तर समजून तरी घेतलं असतं. मी चिठ्ठ्या शर्टाच्या खिशात कोंबल्या आणि तुझ्या आईला सांगितलं की शिम मिळत नाहीय.

मंगळवारी हेमांगी समोर बसली होती तेव्हा त्या तिन्ही चिठ्ठ्या माझ्या खिशात होत्या. माझा हात सारखा खिशाकडे जात होता. तिने ते पाहिलं की नाही, देव जाणे. तिने मला एकच गोष्ट विचारली, तो कुणाकडे जातो. मी म्हटलं, मला ठाऊक नाही. ते खरं होतं, पण माझ्या तोंडून ते खोट्यासारखं बाहेर पडलं.

काल शिम आणायच्या निमित्ताने अंधेरी गाठली. त्या बिल्डिंगच्या गेटसमोर शहाळेवाल्याच्या गाडीपाशी अकरापासून उभा राहिलो. मे महिन्याचं ऊन, दोन शहाळी प्यायलो, आणि त्या जान्हवीला काय बोलायचं ते मनात घोळवत होतो. बाराच्या सुमाराला पाठीवर जेवणाच्या मोठ्या चौकोनी पिशव्या घेतलेली माणसं यायला लागली. एक, दोन, सात, दहा. वॉचमन प्रत्येकाला नाव आणि फ्लॅट लिहायला लावत होता. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. त्या चिठ्ठ्या, त्या पट्ट्याने घासलेल्या कडा, ती सोमवारची घाई. मी निघणारच होतो. तेवढ्यात कुणाची तरी स्कूटर घेऊन तू आलास. वॉचमनने मागच्या लिफ्टकडे बोट दाखवलं, तू मान हलवून गेलास. खाली आलास, बाहीने तोंड पुसलंस, फोन बघितलास. मी शहाळ्यांच्या ढिगामागे वाकलो. आपल्याच पोरापासून लपलो, हर्षद.

दिवसाला शंभर किलोमीटर धरले तर पाच महिने होतात. म्हणजे संक्रांतीला तू तिळगूळ घेऊन आलास, तुझी नोकरी कशी चाललीय म्हणून मी चार माणसांत विचारलं आणि तू हसून मस्त म्हणालास, तेव्हाच ती गेली होती. तुला दोष देत नाही. जयवंताच्या मुलाच्या लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कुणी विचारो न विचारो, माझा हर्षद एसीत बसतो असं मीच सांगत सुटलो. तुझे आजोबा गिरणीत, मी ग्रीसमध्ये, म्हणून मला तो एसी फार गोड लागला. तुला घरी यायची वाट मीच अडवून ठेवली.

गाडी आता ठीक आहे. दोन्ही शिम बदलल्या, फट बावीसवर आणली. टिकटिक ऐकू येईल, घाबरू नकोस. अशीच चालवत राहिला असतास तर व्हॉल्व्ह नीट मिटेनासा झाला असता आणि जळला असता, बहुतेक भर रस्त्यात, कुणाचं तरी जेवण पाठीवर असताना. आता दर दोन महिन्यांनी आणत जा. संध्याकाळी ठेवायची, सकाळी मी उजाडताच बसेन, दहाला तुझ्या हातात.

आता हे पत्र का लिहिलं ते. काल अंधेरीहून आल्यावर मी हेमांगीला फोन केला. म्हटलं, पोरी, कुणी नाही, मी स्वतः बघून आलोय. ती म्हणाली, “बाबा, मग आहे काय? तुम्हाला कळलं आणि मला नाही?” तू काय करतोस ते मी सांगितलं नाही. तिने ते माझ्याकडून ऐकलं तर तुझ्यावरचा तिचा उरलासुरला विश्वासही जाईल, एवढं मला कळतं. तिने बॅग भरलीय. देवगडला माहेरी जायचं शनिवारचं तिकीट काढलंय आणि परतीचं काढलेलं नाही. मी तिला एवढंच म्हटलं की शनिवारपर्यंत काही ठरवू नकोस. ती हो म्हणाली. आज गुरुवार आहे, बाळा. आज ऑर्डर घेऊ नकोस, सरळ घरी जा.

तुझाच, आणि कालपासून तुझ्या जास्तच बाजूचा,
बाबा