इतर हक्कांतली माय

प्रिय आनंदराज,

सप्रेम जयभीम. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा उमटतात आणि पुढं सगळं सामसूम. म्हणून नांदेडच्या माझ्या शाळेत, मधल्या सुट्टीत, पोरांच्या कालव्यात बसून हे लिहितेय. औशाजवळचं आपलं शेत तू लातूरच्या अमृतरावांच्या क्लासला, पोरांच्या वसतिगृहासाठी, विकलंस. त्याच शेतात, पत्र्याच्या खोलीत, आपली माय राहते. तिला तिथून उठू द्यायचं नाही, एवढ्यासाठी हे पत्र. खुशाली विचारायला माझ्याजवळ आज गोड शब्द नाहीत. राग मानू नकोस. किंवा मान, माझ्या बापाचं काय जातंय.

मला कसं कळलं, ठाऊक आहे? पोळ्यानंतर एक दिवस मायचा फोन आला, आवाजात नुसता आनंद. म्हणाली, आनंदाच्या हापिसातली मान्सं आली व्हती, रान मोजून गेली, लई गुणाची पोरं. तू तिला मागं सांगितलं होतंस ना, मी साऱ्या देशाच्या जमिनीच्या नोंदी बसवतोय म्हणून? मग जमीन मोजायला आलेला माणूस तुझाच, असं तिचं सरळ गणित. तिनं त्यांना धपाटे खाऊ घातले, वर दही. टेपचं एक टोक स्वतः धरून बांधावर उभी राहिली. जाताना ते म्हणाले, मावशी, दिवाळीनंतर हे पत्रे काढावे लागतील. मला संशय आला, तलाठ्याकडं विचारल्यावर विक्री कळली; तिला मात्र वाटलं, तू तिथं बंगला बांधतोयस. बंगला नको म्हणावं त्याला, मला पत्राच बरा, असा निरोप तुला द्यायला सांगितलाय. दिला.

पत्राच बरा का, ते तुला आठवायचं नाही, तू सहा वर्षांचा होतास. भूकंपाच्या साली गणपती शिरवून गाव झोपलं आणि उजाडायच्या आत माळवदं खाली आली. बाबा गेले. तुला मायनं हातांनी दगडमाती उपसून काढलं; तिच्या उजव्या हाताची बोटं अजून नीट सरळ होत नाहीत. पुढं पुनर्वसनात पक्कं घर मिळालं, पण स्लॅबखाली तिचा डोळा लागेना. छातीवर कुणी बसल्यावानी होतंय म्हणायची. शेवटी शेतात चार पत्रे ठोकले आणि तेव्हापासून ती तिथंच. पत्रा पडला तर मानूस मरत न्हाई, हे तिचं एकच म्हणणं. शेत विकून दिल्लीत फ्लॅट घेतोस आणि तिला तिथं नेतोस म्हणे. अरे शहाण्या, तिच्या डोक्यावर किती स्लॅब येतील, विचार केलास का?

बाबा गेल्यावर वारसाची नोंद झाली, तेव्हा सातबाऱ्यावर मालक म्हणून तुझं नाव लागलं, पालक म्हणून चुलत्याचं. मायचं आणि माझं नाव गेलं शेजारच्या रकान्यात, इतर हक्कांत. बायकांची नावं तिथंच घालायची, ही आपल्याकडची रीतच. चुलते म्हणाले, पोराचं लागलं म्हणजे सगळ्यांचं लागलं, आणि माय हाव म्हणाली. मला कोण विचारतंय? तरी त्या रकान्याला वजन होतं. कुणी जमीन विकायला गेलं की रजिस्ट्री ऑफिसात विचारायचे, ह्या बायकांची संमती कुठंय? विहिरीतला वाटा, रानात जायची वाट, विधवेचं राहणं, बहिणीचं नाव, जे जे मालकीत बसत नाही ते सगळं त्या एका रकान्यात दाटीवाटीनं राहायचं.

त्याच शेताच्या ज्वारीवर तू लातूरला अकरावी-बारावी केलीस. खोली घेऊन मी तुझ्या भाकरी थापल्या, माय औशाच्या यष्टीत पिठाचा डबा ठेवून द्यायची. दर रविवारी टेस्ट. तुझे मार्क घटले की मलाच घास उतरायचा नाही, अशी मी येडी. निकाल लागला तेव्हा क्लासवाल्यांनी तुझा फोटो चौकात लावला आणि आम्ही दोघी रिक्षा थांबवून बघत बसलो. लातूरला पोरं शिकायला येतात, त्यांना राहायला जागा लागते, त्याचं मला वावडं नाही. मी मास्तरीणच आहे. पण एका म्हातारीला उठवूनच ती इमारत उभी राहायला पाहिजे का?

आणि मग तुझी ती मोठी नेमणूक. जमिनीच्या नोंदी कशा ठेवाव्यात याचा परदेशातला प्रमाण नमुना आपल्या देशाला बेतायचं काम. किती हौसेनं समजावलं होतंस मला, माझ्याच घरात बसून! एका चौकटीत माणूस, एकीत जमीन, आणि दोघांना जोडणारी तिसरी चौकट हक्काची. मी विचारलं, आणि ज्याचा हक्क अर्धामुर्धा आहे त्याचं काय? तर म्हणालास, त्यालाही जागा आहे ताई. राहण्याचा हक्क, कसण्याचा हक्क, नुसत्या रिवाजानं चालत आलेला हक्कसुद्धा. प्रयोगाला तू आपलंच गाव निवडलंस, मी शाळेत पेढे वाटले. पुढच्या खेपेला आलास तेव्हा म्हणालास, ती जागा काढून टाकली. राज्याराज्याचे रकाने वेगळे, प्रत्येक तलाठ्यानं आपल्या मर्जीनं लिहिलेलं, संगणकाला ते कळत नाही. म्हणून ज्या नावापुढं हिस्सा लिहिलेला नाही ते नाव नव्या उताऱ्यावर येणार नाही. बँकांच्या कर्जाचे बोजे तेवढे ठेवले. बँक बरी कळली रे संगणकाला! परक्याचा सदरा आपल्या अंगाला बेतताना शिंप्यानं बाहीच कापून टाकावी, तसलं तुमचं काम. परक्यांनी तर जागा ठेवली होती, आनंदा. तुम्ही ती बंद केलीत.

आता नव्या उताऱ्यावर एकच नाव आहे, तुझं. आमची संमती मागायचं कुणाला कारणच उरलं नाही. तू औशाला आलास, खरेदीखतावर सही केलीस आणि शेताकडं न वळता लातूरहून परत गेलास. एवढ्या जवळ येऊन मायचं तोंड बघावंसं वाटलं नाही तुला? गावातले म्हणतात, विकायचं होतं म्हणूनच पोरानं मायचं नाव उडवलं. मी त्यांच्याशी भांडते. कारण मुद्दाम उडवलं असतंस तर निदान त्या वेळी आमची आठवण तरी झाली असती. तुला आम्ही आठवलोच नाही. गावोगावच्या बायकांची नावं गळाली, त्यांत आम्हीही गळालो. नंतर विकायची वेळ आली, वाट मोकळी दिसली आणि तू खुशाल चालत गेलास. मला हे जास्त लागलंय.

जमीन अमृतरावांच्या नावावर चढवायच्या नोंदीला मी हरकत घेतलीय, मायच्या आणि माझ्या नावानं. तहसीलदारांपुढं पहिली तारीख झाली. अमृतरावांचा वकील उठून म्हणाला, ही बाई कोण? शोधायला गेले तर खरंच, माय तुझी आहे असं कुठंच लिहिलेलं नाही. तुझ्या शाळेच्या दाखल्यावर आईच्या नावाची जागाच नव्हती. रेशनकार्ड माळवदाखाली गेलं, वारसाच्या नोंदीचं आणि जुन्या सातबाऱ्याचं पान तहसिलात सापडत नाही. आधारवर ती निवृत्तीची बायको, तू निवृत्तीचा मुलगा. आणि आपल्या आडनावाचे दोन निवृत्ती गावात भूकंपात दगावले. ही त्या दुसऱ्याची बायको असेल, म्हणतात ते. मी सांगावं तर मी वाटा मागणारी, माझं कोण ऐकतंय? साक्षीदार लावता येतील, पण त्यात वर्षं जातील आणि पत्रे दिवाळीनंतर निघतील. माय तिथंच काठी टेकून उभी होती. साहेब तुझी चौकशी करतायत असं वाटून ती म्हणाली, माझा पोरगा दिल्लीला हाय, त्येलाच इचारा की, त्यो सांगल. म्हणून विचारतेय. एका कागदावर लिही, पार्वतीबाई निवृत्ती ही माझी जन्मदाती आई आहे, आणि खाली सही करून पाठव. तो कागद मी तुझ्याच विरुद्ध लावणार आहे, हे लपवत नाही. तरी पाठव.

तुझीच ताई,
विशाखा