गळा कापलेलं टेबल

४ फेब्रुवारी

आज तीन दुकानं पालथी घातली. बाळाला अंघोळीचा टब आणि कपडे बदलायचं टेबल, एवढ्या दोनच वस्तू. एकही मिळाली नाही.

पहिल्या दुकानातलं टेबल देखणं. वर मऊ गादी, बाजूला टॉवेलसाठी दांडी, खाली चार ड्रॉवर. त्या ड्रॉवरनीच घात केला. माझी चाकाची खुर्ची आत शिरेना. गुडघे लाकडाला टेकले आणि हात लांब केला तर बोटं जेमतेम गादीच्या कडेला! दुसऱ्या दुकानात टबाचा स्टँड, त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले. तिथेही तेच. तिसऱ्या दुकानातला माणूस सगळं माझ्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या ड्रायव्हरसाहेबांनाच समजावत होता, माझ्या डोक्यावरून. शेवटी साहेब म्हणाले, "अहो, अंघोळ ही घालणार आहे. मी दिवसभर बसवर असतो." त्याने माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि परत नवऱ्यालाच विचारलं, "घरात दुसरं कुणी नाही का?"

आहेत ना. सासूबाई आहेत. तीच तर पंचाईत आहे.

६ फेब्रुवारी

सासूबाईंचा आजचा पाढा — "ओलं मूल हातातून सटकतं गं. तुला कल्पना नाही." सकाळी एकदा, जेवताना एकदा, आणि दुपारी मी कापड बेतत होते तेव्हा पाठीमागे येऊन.

मला कल्पना नाही, मान्य. पण पंधरा वर्षं मी याच घराच्या पुढच्या खोलीत बायकांचे कपडे बेतते. माझ्या कात्रीतून एक गळा वाकडा गेलेला नाही. हात माझे पक्के आहेत. जिन्यावरून पडले तेव्हा पाय गेले, त्यालाही आता बारा वर्षं झाली. त्याचं रडगाणं मी वहीतसुद्धा गात नाही.

एकदाच लिहून ठेवते. मूल खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणं मला जमणार नाही. मागे धावणं जमणार नाही. ते मी केव्हाच गिळलं. पण अंघोळ बसून घालता येते. ती मला हवी आहे. माझ्या हाताने, रोज, कुणी शेजारी उभं न राहता. ती जर सासूबाईंच्या हातात गेली, तर मी माझ्याच मुलाची पाहुणी होईन.

११ फेब्रुवारी

विकतचं नको, करूनच घ्यायचं! सुतारकाकांना बोलावलं. माझं कापायचं टेबल त्यांनीच केलेलं, खुर्चीच्या उंचीचं. मी टेप काढली आणि मापं सांगत गेले. खाली मोकळं, गुडघे आत जातील एवढं. डावीकडे टब, उजवीकडे गादी, दोन्ही एकाच पातळीवर — म्हणजे ओलं बाळ उचलून कुठे न्यायचंच नाही, टबातून काढायचं आणि शेजारी ठेवायचं. कडेला चार बोटं उंच पट्टी.

एकच अडचण. पोट. आठवा महिना. टेबलाच्या कडेला पोट टेकतं आणि हात पोहोचत नाहीत. काका डोकं खाजवत बसले. मग म्हणाले, "ताई, पुढून गोल कापून देऊ का? तुमच्या ब्लाउजच्या गळ्यासारखं?"

वा काका! मी लगेच माप दिलं. रुंदी पंधरा इंच, खोली सात. काकांनी फळीवर पेन्सिलने गोल काढला, मी तो जरा सुधारला. ड्रायव्हरसाहेब चहाचा कप घेऊन उभे होते, म्हणाले, "काय डोकं आहे तुमचं दोघांचं." आम्ही तिघेही स्वतःवर जाम खूष.

१९ फेब्रुवारी

टब घेतला! दुकानातल्या मुलीने सात टब काढून दाखवले, न कंटाळता, आणि माझ्याशी बोलून. आत जाळीची झोळी असलेला घेतला. बाळ झोळीत रेलून राहतं, माझा एक हात मोकळा. तळाला बूच आणि लांब नळी, टब न उचलता पाणी सोडायला. ती मी हट्टाने मागितली, कारण गरम पाणी मांडीवर सांडलं तर मला कळणार नाही. कातडी भाजेल आणि मी आपली गाणं म्हणत बसेन. पाण्याचं तापमान बघायला मासोळीच्या आकाराची तापमापीही घेतली. मुलगी म्हणाली, "कोपर बुडवलं तरी चालतं." म्हटलं, दोन्ही करेन.

घरी येऊन कापडाची बाहुली शिवली. वाळू भरून बरोबर तीन किलोची, डोक्यात वाळू जास्त. खऱ्या बाळाचं डोकंच जड असतं म्हणे. भिजवून, साबण लावून सराव केला. चौथ्यांदा ती सटकली, धपकन टबात.

सासूबाई दारात होत्या. नुसत्या आत निघून गेल्या. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

२ मार्च

टेबल आलं. पोट त्या गोलात असं बसलं की सुतार आणि शिंपी दोघांनाही बक्षीस द्यावं.

१७ मार्च

ती आली. तीन दिवस झाले आणि मला आत्ता पेन धरवतंय.

दोन किलो नऊशे ग्रॅम. मुलगी. नाव ठरेपर्यंत बटण.

काय लिहू? मी आयुष्यभर बारीक काम केलंय. काज, हूक, मोती टाचणं. पण हे असलं बारीक काम मी पाहिलेलं नाही. नखं आहेत तिला! करंगळीला सुद्धा, पूर्ण, कापायला आलेलं. कानाची पाळी कागदासारखी पातळ आणि त्यावर लव. परवा दुपारी ती छातीवर झोपली होती तेव्हा मी तिला सवयीने उलटसुलट बघत राहिले, कुठे जोड दिसतोय का म्हणून. कुठेच नाही. एवढं सगळं अंग, आणि एकही शिवण नाही. हे माझ्या आत झालं. मी कपडे बेतत होते, दुकानदारांशी भांडत होते, आणि आत हे चाललं होतं. मला कुणी काही विचारलंही नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाळ गळून पडेपर्यंत टबात नको, ओल्या फडक्याने पुसा. बरं.

२६ मार्च

काल नाळ पडली. आज पहिली अंघोळ. असं ठरलं होतं.

पाणी झालं, तापमापी सदतीसवर, कोपरही बुडवलं. ड्रायव्हरसाहेबांनी रजा घेतलेली. बटणला उजवीकडच्या गादीवर ठेवलं, मी खुर्ची आत सरकवली — आणि थांबले.

माझ्यासमोर भोक होतं. टेबलात, अर्धगोल, पंधरा बाय सात. पोट होतं तेव्हा ते भरलेलं होतं. आता माझ्या आणि टबाच्या मधे नुसती हवा, आणि खाली माझ्या मांड्या, ज्यांना काहीच कळत नाही. ओलं बाळ गादीवर नेताना हात सुटला तर सरळ त्या भोकातून खाली.

तीन माणसं. मी, नवरा, चाळीस वर्षं रंधा मारलेला सुतार. टेबल मूल झाल्यानंतर वापरायचं आहे, आणि मूल झाल्यावर पोट राहत नाही, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही!

आधी मी हसले. साहेबही हसले, खाली बसून हसले. आणि मग मी त्या भोकाकडे बघत राहिले आणि हसू गेलं. टेप काढून धरली. पंधरा, सात. हे माझं माप नव्हतंच. मी तिचं माप दिलं होतं. ती बाहेर यायच्या आधी मी तिचा आकार सुताराकडून कापून घेतला होता, आणि तो आकार आता माझ्यासमोर रिकामा होता, आणि जिचा तो होता ती गादीवर मुठी चोखत होती. अंगावर काटा आला. मी रडले, अगदी मोठ्याने. ड्रायव्हरसाहेब घाबरले.

पाणी गार झालं. आजही फडक्यानेच पुसलं.

सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. घाई काय आहे." मला ते टोचलं.

२७ मार्च

सुतारकाका आले, भोक बघितलं, कपाळावर हात मारून घेतला. "ताई, मी आजोबा आहे हो दोनदा. मला कळायला हवं होतं." तासाभरात अर्धगोल फळी बसवून दिली, कडेची पट्टीही पुढे घेतली. मी वरून रबरी कापडाचं आवरण चढवलं.

२८ मार्च

घातली. मी. माझ्या हाताने.

डावा हात मानेखाली, अंगठा खांद्यावर, बाकीची बोटं काखेत. झोळीत टेकवलं तेव्हा तिने दोन्ही हात फेकले, डोळे मोठे केले. मग पाणी पोटावर आलं आणि ती गप्प झाली. रडली नाही. मान वळवून काहीतरी ऐकत होती. पाण्याचा आवाज तिला ओळखीचा असावा, माझ्यापेक्षा जास्त. मी श्वास रोखून होते. तिच्या मांडीच्या घडीत पाणी घातलं, बोटांच्या मधून फडकं फिरवलं. बाहेर काढलं, शेजारी ठेवलं, गुंडाळलं. सहा मिनिटं लागली. सहाच! मला वाटलं, दुपार झाली असेल.

इतकं मोठं काही मी आजवर केलेलं नाही.

३ एप्रिल

रोज जमतंय. साहेब कामावर परतले. हात आता आपोआप चालतो.

फक्त सासूबाई. रोज अंघोळीच्या वेळी दारात येऊन उभ्या राहतात, चौकटीला धरून. परीक्षेत पाठीमागे उभ्या राहणाऱ्या मास्तरीणबाईंसारख्या. कोरडी बटण त्या दिवसभर घेतात, ओली एकदाही नाही. आज न राहवून विचारलं, "आई, माझं काही चुकतंय का?"

"नाही," म्हणाल्या. आणि तरी उभ्याच.

चूक सापडायची वाट बघतायत. बघू देत.

७ एप्रिल

आज त्या दारातून आत आल्या. म्हणाल्या, "मला शिकवशील का?"

मग सांगितलं. ड्रायव्हरसाहेब वीस दिवसांचे असताना त्यांच्या हातून पाण्यात सटकले होते. लगेच उचललं, काही झालं नाही. पण परत हिंमत झाली नाही. पुढे मूल बसायला लागेपर्यंत जावेने अंघोळ घातली, आणि त्या दारात उभ्या राहायच्या. हे त्यांनी मुलालाही कधी सांगितलेलं नाही.

मी खुर्ची जरा बाजूला घेतली. आजची अंघोळ सासूबाईंनी घातली. त्यांच्या हाताखाली मी माझा हात ठेवला. मधेच काढून घेतला. त्यांना कळलं नाही.