ड्रायव्हरमामांचे वरचे दात

६ ऑक्टोबर, सोमवार

प्लास्टर ओतत होते, दातांचा साचा अर्धा भरलेला, आणि चर्चच्या पाळकांचा फोन. कालवलेलं प्लास्टर कुणासाठी थांबत नाही. मी मात्र फोन खांद्याशी दाबून थांबले.

"ताई, कामात आहात?"

"नाही नाही, बोला."

"एक विचार होता. वडीलमंडळाचाही आहे. मध्यस्थीची प्रार्थना यापुढे एकाआड एक रविवारी ड्रायव्हरमामांनी करावी. तुमच्यावरचा भारही कमी होईल."

भार! बावीस वर्षं मी ती प्रार्थना करते आहे. आजाऱ्यांसाठी, राज्यकर्त्यांसाठी, प्रवासातल्यांसाठी, सगळ्या मंडळीच्या वतीने. भार कधी वाटला नाही.

"छान!" मी म्हणाले. "फारच छान!"

फोन ठेवला तेव्हा वाडग्यात दगड झाला होता. दातांच्या डॉक्टरीणबाई पुढच्या खोलीतून डोकावल्या. "एवढं कोण बोलत होतं?" चर्चमधून, म्हटलं. "मग वाडगं सत्कारणी लागलं," म्हणाल्या आणि गेल्या. त्या कुठल्याच देवळात किंवा चर्चमध्ये जात नाहीत, पण माझ्या देवाशी त्यांचं बरं चालतं.

घरी आईला सांगितलं. "बरं झालं. उभं राहून पाय दुखतात तुझे." हिला एवढंच कळतं की सगळं कळतं? पंचावन्न वर्षं झाली, अजून अंदाज नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

मला वाईट वाटलेलं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

परवा लिहिलं ते खोटं आहे.

खरं असं. माझी प्रार्थना शुक्रवारी संध्याकाळी लिहून होते. शनिवारी पाठ होते. रविवारी मी ती डोळे मिटून, जणू आत्ताच सुचते आहे अशी म्हणते. थांबेसुद्धा पाठ असतात. आईसमोर तालीम करते, आणि ती म्हणते, "इथे जरा जास्त थांबलीस, लोकांना वाटेल विसरली." यात लबाडी आहे असं बावीस वर्षांत मनात आलं नाही. आज आलं, तेही दुसऱ्याला संधी मिळाली म्हणून.

ड्रायव्हरमामा चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. वरचे पुढचे दात त्यानंतर एकेक करून गेले. प्रार्थनेला उभे राहिले की एक वाक्य बोलतात आणि थांबतात. सगळे वाट बघतात. कुणाला वाटतं संपली, ते "आमेन" म्हणून मोकळे होतात. मग मामा पुढचं वाक्य सुरू करतात. तरुण पोरं म्हणतात, मामांनी ब्रेक मारला.

त्यांच्या वरच्या कवळीचा साचा माझ्याच टेबलावर आहे. सोमवारी ओतत होते तो त्यांचाच.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज लिहायचं काही नव्हतं. या रविवारी मामा. कामावरून आल्यावर आईच्या पायाला तेल लावलं, तिचा पांढरा केस माझ्या बाहीवरून काढला, खिडकीत बसले. तास रिकामा होता आणि चांगला गेला. हे कबूल करावं लागतंय.

१२ ऑक्टोबर, रविवार

पाळकांनी विश्वासातल्या परिपक्वतेवर उपदेश केला. लहान बाळासारखं दुधावर किती दिवस राहणार, कधीतरी जड अन्न खायला हवं ना, असं. शास्त्रातलंच आहे. मला हसू आलं. दिवसभर दुसऱ्यांसाठी दात बनवते, आणि स्वतः अजून दुधावर! पुढच्या बाकावर मामा बसले होते, वरचा ओठ आत गेलेला. त्यांनाही हसू येत असावं, खांदे हलत होते.

मग त्यांची प्रार्थना. निम्मं कळलं नाही. दात नाहीत, शब्द ओठांतून निसटतात. दोनदा लोकांनी मध्येच आमेन म्हटलं. कळलं ते एवढं: रात्रपाळी संपवून बसमध्ये झोपणाऱ्या बाईसाठी त्यांनी मागितलं, की तिचा स्टॉप आला की तिला जाग येवो. आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत बसून राहणाऱ्यांसाठी, ज्यांना घरी जायचं नसतं म्हणून.

असली माणसं माझ्या यादीत कधी आली नाहीत. "प्रवासातले सर्व" असं म्हणून मी पुढे जाते.

माझ्या शेजारी शिवणकाम करणाऱ्या वहिनी बसतात. त्यांनी डोळे पुसले. "काही कळलं नाही हो, पण आतून ढवळून निघालं."

मला त्या नेहमी म्हणतात, "किती सुंदर बोलता."

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मेणातले दात तोंडात बसवून बघायचा दिवस. मामा खुर्चीत, डॉक्टरीणबाई बाजूला, मी आरसा धरून. दातांचा रंग मी निवडलेला: पांढरा नाही, चहा प्यायलेल्या माणसाचा. छान दिसले. त्यांनी आरशात बराच वेळ बघितलं. "वर गेल्यावर बायको विचारेल, हा कोण नवरदेव आला!"

मग आकडे म्हणायला लावले. एकसष्टपासून सत्तरपर्यंत म्हणवतो आम्ही, सगळे नको असलेले आवाज त्यात बाहेर येतात. त्रेसष्ट ठीक. सहासष्टला शिट्टी वाजली. मामा दचकले. "कंडक्टर आला की काय?" सगळे हसले.

मला कारण तिथल्या तिथे कळलं. पुढच्या दातांमागे, टाळूच्या बाजूला जाडी जास्त राहिली आहे. जीभ आणि टाळू यांच्यामधली वाट अरुंद होते, हवा शिट्टी होऊन बाहेर पडते. घासलं की जाते. दहा-पंधरा मिनिटांचं काम.

"ठीक आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. दुसरा पेशंट थांबला होता.

"ठीक," मी म्हणाले. "सवय होईल मामांना."

१५ ऑक्टोबर, बुधवार

कवळी पक्की करायला टाकली. घासलं नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

मामा कवळी घालून घरी गेले. जाताना माझे दोन्ही हात धरले. "प्रभू या हातांना यश देवो."

संध्याकाळी प्रार्थना लिहायला बसले. झरझर उतरली.

१९ ऑक्टोबर, रविवार

माझा रविवार. एकही शब्द अडला नाही. वहिनी म्हणाल्या, "किती सुंदर बोलता." मामाही येऊन म्हणाले, तेच, आणि "सुंदर"ला शिट्टी वाजली.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे. पाळकांनी नेहमीप्रमाणे आठवडाभर आधी सांगून ठेवलं: कुणाशी काही राहिलं असेल तर मिटवून या. हे ऐकताना दर वेळी मला इतर लोक आठवतात.

२२ ऑक्टोबर, बुधवार

आज प्रार्थनेची बैठक पाळकांच्या घरी. बारा माणसं, जेवणाच्या टेबलाभोवती. मामांनी सुरुवात केली. "सर्वसमर्थ स्वर्गीय" एवढ्यातच तीन शिट्ट्या! पाळकांच्या धाकट्या मुलीने तोंडावर उशी घेतली. तिला कोण दोष देणार, मोठ्यांचेही ओठ दाबलेले होते. मामा थांबले. नेहमीचा थांबा नव्हता तो. डोळे उघडून त्यांनी टेबलाकडे बघितलं, हळूच "आमेन" म्हणाले आणि बसले.

मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने आमेन म्हटलं.

घरी येऊन हात धुतले. परत धुतले.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

पाळकांचा फोन. या वेळी कामाच्या मधे नव्हता, टेबल स्वच्छ होतं.

"ताई, मामा नाही म्हणतायत. माझं तोंड प्रार्थनेचं नाही म्हणाले. रविवारी तुम्हीच करा. पुढेही तुम्हीच, आता काय."

म्हणजे झालं. हवं होतं ते सगळं परत मिळालं, आणि कुणी मागितलंही नव्हतं.

"बघते," मी म्हणाले.

"बघते म्हणजे?"

"उद्या सांगते."

लिहायला बसले. कागद कोरा राहिला. आई आतून म्हणाली, "आज तालीम नाही का?" म्हटलं, नाही. "मग दिवा घालव, डोळ्यावर येतोय."

एक लिहून ठेवते. आजवर मी पापाची कबुली दिली ती घाऊक: आम्ही चुकलो, आम्ही कमी पडलो. सगळी मंडळी बरोबर असते, त्यामुळे बोचत नाही. ही कबुली सुटी आहे. एका माणसाची, एका माणसाकडे, एका कवळीची.

२५ ऑक्टोबर, शनिवार

मामांचं घर तिसऱ्या मजल्यावर. एकच खुर्ची, खिडकीकडे तोंड केलेली, मागचं काही दिसू नये अशी. फळीवर बायकोचा चष्मा, घडी घालून. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः पलंगावर बसले. मी बसले नाही. बसले असते तर आधी तब्येतीचं विचारलं असतं, मग पावसापाण्याचं.

"मामा, शिट्टी वाजते ती माझ्यामुळे."

"अहो, सवय होईल ना. तुम्हीच म्हणालात."

"नाही होणार. मला त्याच दिवशी कळलं होतं. घासायला हवं होतं. घासलं नाही."

"गडबडीत राहिलं असेल."

"गडबड नव्हती."

"मग?"

"रविवारची प्रार्थना माझी होती. तुम्हाला दिली, म्हणून."

खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. चालू होत नव्हती. बराच वेळ.

मामा उठले. मोरीपाशी जाऊन कवळी काढली, नळाखाली धरली, पेल्यात ठेवली. पाठ माझ्याकडेच.

"दार ओढून घ्या," म्हणाले. दातांशिवाय.

हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही. दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभी राहिले.

घरी आल्या आल्या आई. "चेहरा का असा?"

सगळं सांगितलं. पहिल्यापासून. ती मध्ये एकदाही बोलली नाही, हे तिच्या बाबतीत नवीन.

"आणि मग त्यांनी काय केलं?"

"दात काढले."

आईचं पोट हलायला लागलं. "अगं, दातओठ खायचे तर दात काढून कसं जमेल माणसाला!" हसता हसता तिला ठसका लागला, मी पाणी दिलं, मलाही हसू फुटलं, आणि कुठेतरी मध्येच रडू. तिने पदराने माझं तोंड पुसलं, सहा वर्षांची असल्यासारखं, रगडून.

पाळकांना फोन केला: उद्या माझ्याने होणार नाही. का ते सांगितलं. ते म्हणाले, "बरं. मग उद्या आपण सगळेच थोडा वेळ गप्प बसू."

झोप मात्र छान येतेय. लबाडी नाही ही, खरंच.

२६ ऑक्टोबर, रविवार

प्रार्थनेची वेळ झाली. पाळक गप्प राहायला सांगणार, एवढ्यात मामा उठले आणि पुढे गेले. तोंडात कवळी नव्हती.

"दात घरी आहेत," म्हणाले. "देवाला ऐकू येतं. तुम्ही जरा सांभाळून घ्या."

लोक हसले, मनापासून. मामांनी सुरुवात केली. वाक्य, थांबा. वाक्य, थांबा. आज कुणी मध्ये आमेन म्हटलं नाही. त्या थांब्यांत मला पहिल्यांदा कळलं की ते काय करतात: पुढच्या माणसाला चढू देतात. एक वाक्य माझ्याकडे बघून बोलले. नेमकं त्यातलं एकही अक्षर कळलं नाही.

मग प्रभुभोजन. भाकरीचं तबक हातोहात आलं. मी घेतलं नाही, पुढे वहिनींकडे दिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. रुसून नाही, दाखवायलाही नाही. मी मामांना सांगून आले होते, त्यांचं उत्तर यायचं होतं. उत्तर मागायचा हक्क नाही, वाट बघता येते. भुकेल्या पोटी बसले, आणि इतकं स्वस्थ कधी बसले नव्हते.

बाहेर पायऱ्यांवर वहिनी म्हणाल्या, "तुमच्यासारखी कारागीर असताना मामा असे? बसत नाहीत का दात?"

"बसतात. मी मुद्दाम वाईट ठेवले होते."

"तुमचं आपलं काहीतरीच!" म्हणाल्या आणि माझ्या दंडावर चापट मारून गेल्या. त्यांना परत थांबवून सांगणार होते. उद्या सांगेन.

मामा गर्दीत दिसले नाहीत.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी दवाखाना उघडायला गेले तर मामा पायरीवर. बरोबर त्यांची मोठी बहीण, ऐंशीच्या पुढची, तोंडात एकही दात नाही. "आधी माझं घासून द्या," मामा म्हणाले. "मग हिचे खालचे-वरचे सगळे करायचेत. तुम्हीच करा." कुलूप काढलं, दोघांना आत बसवलं, हात धुतले.