अस्वलाने नेलेल्या बुटाविषयी

तीर्थस्वरूप मामांस,

बसल्या जागेवरून नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत सोलवटलाय आणि डॉक्टरांनी तो उशीवर ठेवायला सांगितलाय, तेव्हा आठांपैकी सात अंगं गोड मानून घ्यावीत. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? हॉलमधल्या काचेच्या कपाटातला तो बूट बरा आहे ना? (तुम्ही तो स्वतः पुसता, दुसऱ्या कुणाचा हात लागलेला तुम्हाला खपत नाही, हे मला माहीत आहे.) बुटाचं आपलं सहज विचारलं. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे मी जिवंत आहे.

मामी मागे फोनवर विचारत होत्या की मी दिवसभर रानात नक्की करतो काय. तुम्ही इतकी वर्षं तीच नोकरी केलीत, निवृत्त होऊन मला तुमच्या शब्दावर तिथे चिकटवलंत, तरी त्यांना त्यातलं अस्वलापलीकडे काही कळलेलं दिसत नाही! त्यांना सांगा : सरकारी माळावर खनिज शोधायला कंपनी आली, तिने खोल भोकं पाडली, काही सापडलं नाही, मग भोकं बुजवून, वर सिमेंटचं झाकण घालून, माती सारखी करून, गवत पेरून ती गेली. ते सगळं खरंच केलंय का, हे बघायचं माझं काम. झाकणावर पहार आपटायची, गवत मोजायचं, फोटो काढायचा, फॉर्म भरायचा. यात घाबरण्यासारखं काय आहे, असं मामी म्हणतील. पण तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. मी लिफ्टला घाबरतो, गाईला घाबरतो, साहेबांनी हसून बघितलं तर जास्तच घाबरतो. त्यात तुमचं ते अस्वल. तुमच्या निरोपसमारंभापासून तुमच्या नातीच्या, चिमीच्या बारशापर्यंत प्रत्येक कार्यात तुम्ही सांगितलंत, की माळावर अस्वल अंगावर आलं, तुम्ही पायातला डावा बूट काढून त्याच्या नाकावर हाणला आणि ते बूट तोंडात धरून पळालं. त्या अस्वलापायी मी दोन वर्षं गळ्यात शिट्टी अडकवून हिंडतोय. ऑफिसात मला सगळे रेफरी म्हणतात.

तर मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास एकतीस नंबरच्या भोकापाशी पोचलो. हातात तुमचा सहा वर्षांपूर्वीचा फॉर्म होता. तुमचं ते वळणदार अक्षर : ‘झाकण पक्के. स्वतः वर उभा राहून पाहिले.’ मी पहार आपटली. आवाज सिमेंटचा येईना, लाकडाचा आला. कान म्हणाला, थांब. पण समोर तुमची सही होती, आणि तुमच्या सहीपुढे माझ्या कानाची काय बिशाद! मामा जिथे उभे राहिले तिथे भाच्याने उभं राहायलाच हवं, म्हणून उभा राहिलो. मामा, फळी होती. कुजलेली. कडकन मोडली आणि माझा उजवा पाय मांडीपर्यंत आत.

भोक मूळचं वीतभर, आता माती ढासळून दीड वीत झालंय. एक पाय जातो, आख्खा माणूस जात नाही, हे मला तेव्हा कुणी येऊन सांगायला हवं होतं. मला फक्त फॉर्मवरचा आकडा आठवत होता, खोली दोनशे दहा मीटर. पायाखाली काही नाही म्हणजे काय, हे मला आजवर कळलेलंच नव्हतं. खालून गार हवा पँटीत शिरत होती. जरा हललो की माती सुटायची आणि ती कुठे पडते ते ऐकूच यायचं नाही. त्यात बुटाची नाडी सैल. टाच सुटायला लागली तशी मी पायाची बोटं आवळून बूट धरून ठेवला. (ऑफिसचा बूट, हरवल्यास लेखी खुलासा!) दहा मिनिटं धरला असेल. मग गेला. एकदा बाजूला आपटला, दोनदा आपटला, आणि नंतर काहीच नाही. मी रडलो, मामा. चाळिशीतला माणूस, हमसून रडलो. आणि तेवढ्यात मनात आलं, आता अस्वल येणार, आणि आपण असे जमिनीत रोवलेले. मग मात्र मी जीव खाऊन शिट्टी फुंकली.

शिट्टी ऐकून माळावरच्या एक शेळ्यावाल्या बाई आल्या. मागे बसल्या, माझ्या काखेत हात घातले, टाच दगडाला लावली आणि बाटलीचं बूच उपसावं तसं मला बाहेर काढलं. मी धाप लागलेल्या आवाजात म्हटलं, तुम्हाला सवय दिसते. तर म्हणाल्या, “हो, मागे एक जाडे साहेब अडकले होते ना. त्यांचा डावा गेला, तुमचा उजवा.” मी विचारलं, अस्वल? त्या म्हणाल्या, “इथं कुठलं आलंय अस्वल?”

अस्वल नाही हे कळल्यावर खरं तर हायसं वाटायला हवं. उलट मला दरदरून घाम फुटला. त्या बाईंनी सगळं सांगितलं. साहेबांनी त्यांच्याकडूनच फळी मागून घेतली, वर माती लोटली आणि म्हणाले, दोन दिवसांत माणसं येऊन सिमेंट ओततील, तोवर कुणाला बोलू नका. बाई बोलल्या नाहीत. सहा वर्षं भोवती काट्या लावत राहिल्या. जनावरं काट्या मोडतात, त्या पुन्हा लावतात. गेल्या वर्षी एक करडू कडेने आत गेलं. संध्याकाळपर्यंत आवाज येत होता, म्हणाल्या. मग नाही. आता त्यांची नात चालायला लागलीय. आपल्या चिमीचे खांदे केवढे असतील ते मी मनात मोजायला घेतलं आणि थांबलो.

मामा, मी तुमच्यावर रागावलो नाही. माझी छाती नाही तेवढी. बूट गेला, लाज वाटली, निवृत्तीला महिना उरला होता, अस्वल सुचलं. मीही तेच केलं असतं, माझं अस्वल कदाचित मोठं असतं. पण ही शेवटची तपासणी आहे. सोमवारी माझा फॉर्म गेला की फाईल बंद, मग त्या माळावर ऑफिसातलं कुणी कधीच फिरकणार नाही. मी ‘भोक उघडे’ असं लिहून ठेवलंय, पण फॉर्म अजून दिलेला नाही. खाली एक चौकट आहे, ‘मागील तपासणीशी तफावत असल्यास कारण’. ती कोरी आहे. तिथे आलो की मी पेनाला टोपण घालतो. तूर्त भोकावर त्या बाईंचं घमेलं पालथं घातलंय आणि वर दोन दगड ठेवलेत.

मोठ्यांना नमस्कार, चिमीला पापा.

तुमचा (अजून तरी) लाडका भाचा

ता. क. : घरी आलेलं प्रत्येक पाकीट मामीच आधी फोडतात हे मला आत्ता आठवलं. मामी, वरचं वाचू नका.

ता. क. दुसरा : तुम्ही आला नाहीत तरी सोमवारी ती चौकट मी भरणार आहे. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. चौकटीतलं कारण तुमच्या अक्षरात असावं एवढीच इच्छा आहे.

ता. क. तिसरा : सोमवारी सकाळी फोटोसाठी मला पुन्हा तिथे चढायचंय. एकट्याने त्या भोकापाशी उभं राहणं मला जमणार नाही. शिवाय उजव्या पायात घालायला काही नाही. तुमचा उजवा कपाटात आहे, नंबर आपला एकच, नऊ. पार्सलने पाठवू नका. घेऊन या.