चिखलदऱ्याच्या पठारावर दिसली मनू

रविवार संध्याकाळ, चिखलदरा

लागला टीव्ही! लगेच लिहायलाच बसले.

आमची मनू आज पहिल्यांदा राज्याच्या संघातून कबड्डी खेळणार, अन् आम्ही दोघं आमच्या घरगाडीत, डोंगरावर. मोबाइलला रेंज नाही. टपावरची डिशची छत्री कितीही फिरवली तरी पडद्यावर 'सिग्नल नाही'. हे म्हणाले, "राहू दे वं. उद्या अकोल्याले जाऊन पाहू."

उद्या? लेकीचा पहिला सामना शिळा करून पाहायचा?

मग दिसलं, छत्रीसमोर झाडच आडवं येतंय. म्हटलं, "गाडी मोकळ्यात घ्या."

"आताच तं चहा ठेवला!"

"उतरवा तो."

गाडी पठारावर घेतली. मी शिडीवर चढून छत्री सरकवत होते, हे आतून ओरडत होते, "अजून जराशी... थांब, थांब! आली!"

धावत आत गेले, तर मनू चढाईला निघालेली. तिघींना बाद करून परतली! यांनी अशी आरोळी ठोकली की शेजारच्या तंबूतली माणसं घाबरून आली. सगळ्यांना आत बसवलं. सामना जिंकलो.

एरवी लेकीचं कौतुक कधी तोंडावर न करणारा हा माणूस एकेकाला पडद्यावर बोट ठेवून सांगत होता, "ते सात नंबरची पोरगी पाहा. माही आहे ते."